एक ते तीन वर्षांच्या मुलांचं जेवण आणि मधल्या वेळचा खाऊ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षाचं होईपर्यंत समोर येईल ते खाणारं बाळ एके दिवशी तोंड घट्ट मिटून घेतं आणि तिथून प्रश्नांची रांग लागते. १ ते ३ वर्षांच्या मुलांच्या खाण्याबद्दल आईबाबा आणि आजी-आजोबा वरचेवर जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. तेच तेच पुन्हा येऊ नये म्हणून गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मूल वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा त्याला एखादा दीर्घ आजार असेल, तर त्याच्या डॉक्टरांचं म्हणणं आधी, इथला सल्ला नंतर.

१. वर्ष झालं की मुलासाठी वेगळा स्वयंपाक करायचा, की आपलंच जेवण द्यायचं?

आपलंच द्या. घरात जे शिजतं त्यातून मीठ-तिखट घालायच्या आधी मुलाचा वाटा काढून ठेवा आणि बोटांनी किंवा काट्याने कुस्करा. सगळं मिक्सरमधून गुळगुळीत काढणं मात्र आता थांबवावं. हे चावायला शिकण्याचं वय आहे आणि चावायला काही मिळालं तरच ते शिकता येतं.

ताटलीत ढोबळमानाने चार गोष्टी असाव्यात. पोट भरणारं काहीतरी (भात, पोळी, ब्रेड, बटाटा, पास्ता), प्रथिनं आणि लोह देणारं काहीतरी (डाळ, कडधान्य, अंडं, मासे, चिकन), एखादी भाजी किंवा फळ, आणि थोडी स्निग्धता. स्निग्धतेला घाबरू नका. पोट लहान आणि गरज मोठी असल्यामुळे थोडक्या घासांत ऊर्जा मिळावी लागते. म्हणून भातात चमचाभर लोणी किंवा तेल घालणं योग्यच आहे.

२. दिवसातून किती वेळा खायला द्यायचं?

तीन जेवणं आणि दोन वेळा मधलं खाणं. दोन खाण्यांत साधारण अडीच ते तीन तासांचं अंतर ठेवा आणि मधल्या वेळात फक्त पाणी द्या. घड्याळ काटेकोर पाळायची गरज नाही, क्रम मात्र रोज सारखा असावा.

मूल जेवत नाही अशी तक्रार येते, त्यातल्या बऱ्याच घरांत खरी अडचण जेवणाची नसून या मधल्या वेळाची असते. अकराला अर्धं बिस्किट, साडेअकराला दोन घोट दूध, बाराला हातात केळं, आणि साडेबाराला ताट वाढलं की भूक कुठून येणार? जेवण गोड लागायला भूक लागू द्यावी लागते.

३. आमची मुलगी दीड वर्षाची आहे. आधी वाटीभर खायची, आता चार चमच्यांवर उठते. एवढं पुरतं का?

बहुतेक वेळा पुरतं, आणि त्याला कारण आहे. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वजनाच्या जवळपास तिप्पट होतं. दुसऱ्या पूर्ण वर्षात ते साधारण दोन ते अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. नेमका तेव्हाच घरात काळजीचा सूर लागतो, कारण मूल आता चालतं, धावतं, त्यामुळे जास्त खाईल असं आपल्याला वाटत असतं.

सुरुवातीला किती वाढायचं याचा सोपा अंदाज म्हणजे प्रत्येक पदार्थ वयाच्या वर्षामागे एक मोठा चमचा. दीड वर्षाच्या मुलीला दीड चमचा भात, दीड चमचा डाळ, दीड चमचा भाजी. मागितलं तर आणखी द्या. मोठ्यांच्या ताटाच्या अंदाजाने वाढलं की मुलाने उष्टं टाकलं असं वाटत राहतं, प्रत्यक्षात वाढलेलंच जास्त असतं.

एकेका जेवणाचा हिशेब ठेवू नका. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधक लीअ‍ॅन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २ ते ५ वर्षांच्या १५ मुलांचं खाणं मोजलं. एका जेवणातून मिळणारी ऊर्जा सरासरी एक तृतीयांशाने खालीवर होत होती, पण पूर्ण दिवसाची बेरीज जेमतेम १० टक्क्यांनी हलत होती. दुपारी कमी खाल्लेलं मूल संध्याकाळी ते आपणहून भरून काढत होतं. आठवड्याकडे बघा आणि वजन-उंचीच्या तक्त्याकडे बघा. मुलीची रेघ तिच्या नेहमीच्या वाटेने चढते आहे, ती खेळते आहे, लघवी नेहमीसारखी होते आहे, तर तिला पुरेसं मिळतं आहे.

४. मधल्या वेळेला बिस्किटांशिवाय काय देता येईल?

मधलं खाणं म्हणजे छोटं जेवणच, असं डोक्यात ठेवलं की पर्याय आपोआप सुचतात. एक फळ किंवा भाजी, त्याला प्रथिनांची किंवा स्निग्धतेची जोड. दह्यात कुस्करलेलं पिकलेलं फळ. केळ्याच्या चकत्यांवर शेंगदाण्याच्या लोण्याचा पातळ थर (पातळच का, ते प्रश्न १२ मध्ये). उकडलेल्या अंड्याच्या चार फोडी. वाफवलेल्या रताळ्याच्या बोटाएवढ्या पट्ट्या, त्या मुलं मुठीत धरून खातात आणि दात यायच्या दिवसांत आवडीने खातात. मऊ शिजवून बोटाने चेपलेले छोले, त्यावर दोन थेंब लिंबू. किसलेलं चीज आणि मऊ नासपती. ओट्सची घट्टसर खीर, गोडीला खजुराचा गर. कालचा भात असेल तर त्यात अंडं आणि किसलेलं गाजर मिसळून तव्यावर छोट्या टिकल्या घाला (भात नीट ठेवलेला असला पाहिजे, प्रश्न १६ पाहा).

बिस्किट विष नाही. पण ते पटकन विरघळतं, भूक मारतं आणि देतं फार थोडं. ते रोजचं ठरलेलं खाणं होऊ नये, एवढंच.

५. सकाळी दहा मिनिटंसुद्धा नसतात. झटपट होईल असं काय?

एक पिकलेलं केळं काट्याने लगदा होईपर्यंत कुस्करा, त्यात एक अंडं फोडा आणि ओट्सचं पीठ दोन मोठे चमचे घाला. पाणी, साखर, मीठ काही नको. तवा मंद आचेवर ठेवून थोड्या लोण्यावर चमच्या-चमच्याने टाका. आच मोठी झाली तर केळ्याची साखर करपते आणि मधे कच्चं राहतं. कडा सुटायला लागल्या आणि वरचा ओलेपणा गेला की उलटा. ही तळहाताएवढी धिरडी मुलाला हातात धरता येतात, सांडत नाहीत, आणि उरली तर फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतात.

अंडं चालत नसेल तर रात्री भिजवलेले ओट्स दही आणि फळ घालून द्या. सकाळी काहीच शिजवावं लागत नाही.

६. हिरवं काही दिसलं की तोंड फिरवतो. भाजी लपवून घालू का?

नव्या पदार्थाला नकार देणं हा या वयाचा स्वभाव आहे. साधारण दीड-दोन वर्षांपासून तो वाढतो आणि पुढे काही वर्षांत ओसरतो. एखादी नवी चव स्वीकारायला मुलाला ती ८ ते १५ वेळा समोर दिसावी लागते, काहींना त्याहून जास्त. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या नकारालाच ‘याला आवडत नाही’ असा निकाल लागतो आणि ती भाजी ताटातून कायमची जाते.

वाढताना मटाराएवढाच तुकडा ठेवा, शेजारी मुलाच्या आवडीचं काहीतरी असू द्या आणि काही बोलू नका. हात लावला, वास घेतला, जिभेला लावून परत ठेवला, हे सगळं प्रगतीत मोजा. त्याच वेळी तुम्ही तीच भाजी खाताना दिसलात तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. ‘भाजी खाल्लीस तर चॉकलेट’ हा सौदा टाळा. त्यातून भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, एवढंच मुलाच्या मनात पक्कं होतं.

सारणात किंवा पिठात भाजी किसून घालायला हरकत नाही, पोषण पोटात जातंच. पण तेवढ्यावर थांबू नका. न दिसणाऱ्या भाजीशी ओळख होत नाही.

७. चमचा घेऊन मागे फिरावं लागतं. न भरवता सोडलं तर उपाशी राहील ना?

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली कामाची वाटणी इथे फार उपयोगी पडते. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. भरवण्याची लढाई होते ती आपण मुलाचं काम आपल्याकडे घेतो म्हणून.

करायचं असं. मुलाला पाय टेकतील अशा जागी ताठ बसवा. ताटात निदान एक पदार्थ त्याच्या ओळखीचा ठेवा. २० ते ३० मिनिटं वेळ द्या. तो ताट ढकलू लागला, अन्न फेकू लागला, मान फिरवू लागला की ‘झालं का?’ असं विचारून शांतपणे ताट उचला. आग्रह नको, रागावणं नको आणि लगेच दुसरा पदार्थ करून देणंही नको. पुढचं खाणं अडीच तासांनी आहेच. निरोगी मूल एका जेवणाने उपाशी पडत नाही. पहिले काही दिवस जड जातात, मुलापेक्षा मोठ्यांना जास्त. भूक ओळखायची सवय परत यायला थोडा वेळ लागतो.

आणि त्याला स्वतःच्या हाताने खाऊ द्या. दीड वर्षाच्या आसपास चमचा बऱ्यापैकी तोंडापर्यंत पोचतो, त्याआधी बोटं आहेतच. सांडेल, केसांना लागेल. खाली जुनं कापड अंथरा.

ही सगळी पद्धत निरोगी मुलासाठी आहे. वजन घटत असेल तर आधी प्रश्न १७ वाचा.

८. मोबाइल लावला तरच तोंड उघडतो. काय बिघडतं?

पडद्यात गुंतलेल्या मुलाला आपण काय खातो आणि पोट कधी भरलं, हे कळत नाही. तोंड उघडतं ते सवयीने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवूच नये. एका फटक्यात बंद करणं जमलं तर उत्तम. नाहीतर सकाळच्या न्याहारीपासून सुरुवात करा, कारण तेव्हा भूक चांगली असते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, मोठ्यांचाही.

९. दूध किती द्यायचं? जेवण नाही तर निदान दूध तरी पोटात जावं असं वाटतं.

वर्षानंतर दिवसाला साधारण ३५० ते ५०० मिलिलीटर पुरतं, दही आणि चीज खात असेल तर त्याहूनही कमी. ७०० मिलिलीटरच्या वर गेलं की भूक मरते आणि लोह कमी पडण्याचा धोका वाढतो. ‘निदान दूध तरी’ ही भावना मला समजते, पण नेमकी त्यानेच जेवणाची जागा जाते. दूध जेवणानंतर किंवा मधल्या खाण्याबरोबर द्या, जेवणाआधी नको.

दोन वर्षांपर्यंत साय न काढलेलं दूध द्या. बाटली आता सोडवून कपाची सवय लावा. दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपलं की दात किडतात. अंगावर पाजत असाल तर थांबवायची घाई नाही, दोन वर्षं आणि त्यापुढेही चालू ठेवण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

वनस्पतीजन्य ‘दुधां’पैकी कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं घातलेलं, बिनसाखरेचं सोयाचं पेय त्यातल्या त्यात जवळचं. बदाम, ओट्स किंवा तांदळाच्या पेयांत प्रथिनं फार कमी असतात.

१०. रक्त कमी आहे असं तपासणीत आलं. खाण्यात काय वाढवू?

डॉक्टरांनी दिलेलं लोहाचं औषध आधी, खाणं त्याच्या जोडीला. १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला ७ मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागतं आणि ते फक्त दूध-भातातून मिळत नाही. मटण, चिकन, मासे यांतलं लोह अंगी लवकर लागतं. डाळी, कडधान्यं, पालेभाज्या आणि अंडी यांतलं हळू लागतं, म्हणून त्यांच्याबरोबर क जीवनसत्त्व हवं. डाळीवर लिंबू पिळा, छोल्यांत टोमॅटो घाला, जेवणानंतर संत्र्याची फोड द्या. चहा मुलांना देऊच नये, तो लोह शोषू देत नाही. दुधाचं प्रमाण तपासा (प्रश्न ९). मूल माती, खडू, बर्फ असं काही सतत खात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

११. मीठ, साखर आणि मध कधीपासून?

मध वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जिवाणूंमुळे लहान बाळांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. वर्षानंतर तो धोका उरत नाही, पण मध ही शेवटी साखरच. वरून घातलेली साखर दोन वर्षांपर्यंत टाळावी. मिठाबाबत ब्रिटनच्या आरोग्यसेवेची मर्यादा १ ते ३ वर्षांसाठी दिवसाला २ ग्रॅम आहे, म्हणजे लहान चमच्याचा एक तृतीयांश, आणि त्यात ब्रेड, चीज, बिस्किटं यांतलं मीठही आलं. फळाचा रस द्यायचाच तर दिवसाला १२० मिलिलीटरच्या आत, त्यापेक्षा फळ कधीही बरं.

१२. घास घशात अडकेल अशी फार भीती वाटते. काय द्यायचं नाही?

समोरचे दात आले म्हणजे मूल चावू शकतं असं नाही. दळणाऱ्या दाढांपैकी पहिल्या साधारण १३ ते १९ महिन्यांत येतात, मागच्या दोन वर्षांच्या पुढेमागे. तोवर मूल तोडतं, पण बारीक करू शकत नाही.

अख्खे शेंगदाणे, बदाम, काजू, पॉपकॉर्न आणि कडक गोळ्या चार-पाच वर्षांपर्यंत नकोतच. द्राक्षं आणि छोटे टोमॅटो उभे चार भाग करून द्या. आडव्या चकत्या गोलच राहतात आणि श्वासनलिकेत बुचासारख्या बसतात. सॉसेजचंही तेच. कच्चं गाजर आणि सफरचंद किसून किंवा वाफवून द्या. शेंगदाण्याचं लोणी चमच्याने नुसतं देऊ नका, गोळा चिकटून बसतो. तुकडा मऊ आहे का हे बघायला तो अंगठा आणि बोटात दाबा, सहज चेपला तर चालेल. खाताना मूल बसलेलं हवं आणि मोठं माणूस समोर हवं. पळताना किंवा चालत्या गाडीत खाऊ नको.

खोकला, ठसका, लाल झालेला चेहरा, म्हणजे मूल स्वतः घास बाहेर काढतं आहे. त्याला खोकू द्या, तोंडात बोट घालू नका. आवाज बंद झाला, खोकता येईना, ओठ निळसर पडू लागले तर ते गुदमरणं. दुसऱ्या कुणाला रुग्णवाहिका बोलवायला सांगा. मुलाला पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मधे तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ५ जोरदार थापा द्या. निघालं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवा आणि आत-वर असे ५ झटके द्या. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करा. मूल बेशुद्ध झालं तर छाती दाबून कृत्रिम श्वास देणं सुरू करावं लागतं. पोटावर झटके दिले असतील तर घास निघाल्यावरही डॉक्टरांना दाखवा. वर्षाखालच्या बाळाची पद्धत वेगळी आहे. प्रथमोपचाराचा वर्ग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने करावा, हे मी अगदी आग्रहाने सांगते.

१३. अंडं, शेंगदाणे, मासे यांची अ‍ॅलर्जी होईल म्हणून उशिरा द्यावं का?

नाही. उशीर केल्याने संरक्षण मिळत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात जोखमीच्या बाळांना लवकर आणि नियमित शेंगदाणे दिल्यावर त्यांच्यात ही अ‍ॅलर्जी फार कमी दिसली. एका वेळी एकच नवा पदार्थ, थोडासा, दिवसा द्या. सोसला की आठवड्यातून एक-दोनदा देत राहा. गंभीर इसब असेल किंवा एखाद्या पदार्थाने आधी त्रास झाला असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या. अंगावर गांधी उठून चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर तातडीने रुग्णालयात न्या.

१४. आम्ही शाकाहारी आहोत. काही कमी पडेल का?

दूध, दही, अंडी यांतलं काही खात असाल तर सहसा नाही. लोहाकडे मात्र लक्ष हवं (प्रश्न १०). प्राण्यांपासून आलेलं काहीच देत नसाल तर बी-१२ ची पूरक मात्रा द्यावीच लागते, वनस्पतीजन्य अन्नातून ते पुरेसं मिळत नाही. आयोडीन आणि कॅल्शियमबद्दलही डॉक्टरांशी बोला. ड जीवनसत्त्वाचं तर सगळ्याच मुलांसाठी विचारा, ते अन्नातून पुरेसं मिळत नाही.

१५. ताप किंवा जुलाब असताना खाणं बंद ठेवायचं का?

बंद ठेवू नका. थोडं थोडं, जास्त वेळा, त्याला आवडतं ते द्या. जुलाबात ओआरएस आणि अंगावरचं दूध चालू ठेवा, झिंकबद्दल डॉक्टर सांगतील. फक्त केळं-भात-टोस्टवर दिवस काढायची जुनी पद्धत आता सुचवली जात नाही. बरं झाल्यावर दोनेक आठवडे दिवसातून एक जास्तीचं खाणं द्या, झीज भरून निघते. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं तर वाट पाहू नका.

१६. डबा आणि उरलेलं अन्न किती वेळ चालतं?

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, उकाड्यात त्याहून कमी. भाताची जास्त काळजी घ्या. त्यातले जिवाणू शिजवूनही टिकतात आणि भात कोमट राहिला की विष तयार करतात, जे गरम केल्याने जात नाही. भात पसरून तासाभरात गार करा, फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशीच संपवा आणि वाफा येईपर्यंत एकदाच गरम करा. मुलाने चमचा बुडवलेलं उष्टं ठेवू नका.

१७. नखरे समजून सोडून द्यायचं की डॉक्टरांना दाखवायचं, हे कसं ओळखावं?

दाखवा, जर वजन घटत असेल किंवा वाढीची रेघ खाली सरकत असेल. खाताना वारंवार ठसका लागत असेल, आवाज ओलसर घरघरता होत असेल, गिळताना दुखतं असं वाटत असेल. उलट्या होत असतील, बद्धकोष्ठ हटत नसेल. खाण्याची यादी वीसेक पदार्थांपेक्षा लहान असेल आणि त्यातलेही एकेक गळत असतील. बोलणं, नजर देणं, खेळणं यांतही काही वेगळं जाणवत असेल तर तेही सांगा. जाताना तीन दिवसांचं खाणं-पिणं कागदावर लिहून न्या, दुधाच्या प्रमाणासकट.

१८. दोन वर्षांची झाली तरी फक्त पातळ, गुळगुळीत खाते. तुकडा आला की उमळते किंवा गालात धरून ठेवते.

आधी प्रश्न १७ मधली लक्षणं नाहीत ना ते बघा. नसतील तर घट्टपणा पायरीपायरीने वाढवा. पातळ पेजेची आधी घट्ट लापशी, मग काट्याने जाडसर कुस्करलेलं, मग मऊ तुकडे सुटे. पातळ रसात लपलेला तुकडा सर्वांत अवघड जातो, कारण जिभेला एकदम दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. म्हणून तुकडा वेगळा, तिच्या हातात, बोटाएवढा लांब द्या, जसं मऊ रताळं किंवा ऑम्लेटची पट्टी. ती तो दाढेकडे बाजूने नेईल असं बघा आणि समोर बसून तुम्ही स्वतः तोंड मोठं हलवत चावून दाखवा. जेवण संपल्यावर गालात काही राहिलं नाही ना हे पाहून, घोटभर पाणी देऊनच तिला उठवा. सहा-आठ आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर गिळण्या-चावण्यावर काम करणाऱ्या वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा.